पाण्याला विचारणारे सोनाकाका

माझ्या साखरपुड्याची अंगठी माझ्या बोटात येण्याआधी सोनाकाकांच्या पाण्यात बुडी मारून आली.

मुहूर्ताला दहा मिनिटं होती. सासरची मंडळी सकाळच्या गाडीने भरूचहून आलेली, भटजी घड्याळाकडे बघतायत, आणि होणाऱ्या सासूबाईंनी नुकतीच मखमली डबी उघडलेली. तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून एक उंच, वाळका, पांढऱ्या टोपीतला माणूस उठला आणि म्हणाला, "एक मिनिट हां. आपण आधी पाण्याला विचारू ने." कुणाला काही कळायच्या आत त्याने खिशातल्या चिमट्याने अंगठी उचलली आणि समोरच्या घरात निघूनही गेला. बाबांनी सासऱ्यांना भरूचला ऊन कसं काय आहे असं विचारलं. ऊन बडोद्यासारखंच आहे, असं सासऱ्यांनी सांगितलं. तो विषय तिथेच संपला.

सात मिनिटांनी समोरच्या दारातून आरोळी आली, "बावीस!"

आईने पदराने कपाळ पुसलं. मी तर जमिनीकडे बघून मनातल्या मनात लग्न मोडूनही बसले होते. पण सासूबाई निघाल्या भलत्याच. त्यांनी आपल्या बोटातली अंगठी काढली आणि काकांपुढे धरली. "ही पण बघता का हो जरा? आमच्या लग्नापासून मला शंका आहे." सासरेबुवा छताकडे बघू लागले. तीही बावीसच निघाली. त्यानंतर सासरेबुवांनी जे पेढे खाल्ले ते बघण्यासारखे होते.

तर हे आमचे सोनाकाका. खरं नाव बाळकृष्ण जाधव. पूर्वज संस्थानाच्या फौजेत. पणजोबांनी तलवार धरली होती असं काका सांगत. स्वतः काकांनी मात्र आयुष्यभर चिमटाच धरला. कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते तीस वर्षं सहायक होते आणि निवृत्त होताना मोडीत काढलेला एक काचेच्या पेटीतला तराजू घेऊन घरी आले होते. आमची पोळ म्हणजे लहरीपुऱ्याजवळची जुनी, चिंचोळी गल्ली; तिच्यात निम्मी घरं गुजराती, निम्मी मराठी. 'सोनाकाका' हे नाव गुजराती बायकांनी दिलं आणि मराठी बायकांनी उचललं. त्यांच्या स्वतःच्या अंगावर गुंजभरही सोनं नव्हतं. जानव्याला किल्ली होती, तीही लोखंडाची.

काका एकटे राहायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मला काकू अंधुक आठवतात. गोऱ्या, ठेंगण्या, हसताना तोंडावर हात धरणाऱ्या.

काकांशी कुणाची ओळख करून दिली की ते आधी त्या माणसाचे हात बघत, मग गळा, मग कान आणि उरलाच वेळ तर चेहरा. बायकांना सुरुवातीला हे फार विचित्र वाटे. पोळीत नवीन आलेल्या एका बाईने तर आईकडे तक्रार केली होती. आई म्हणाली, "त्यांना तुझी बांगडी दिसली, तू नाही दिसलीस. उद्या भाजीबाजारात भेटलीस तर ओळखणारही नाहीत." आणि खरंच, नाही ओळखलं.

त्यांच्या घरी जाऊन सोनं तपासून घेणं हा पोळीचा फुकटचा आणि आवडता उद्योग होता. पुष्य नक्षत्राला सराफाकडून नवीन जिन्नस आणला, की देवापुढे ठेवण्याआधी तो सोनाकाकांपुढे जायचा. काकांचा विधी ठरलेला. आधी लोहचुंबक. "हा फक्त लोखंड पकडतो. पितळाला काही बोलत नाही, मवाळ आहे बिचारा." मग काळा कसोटीचा दगड. तो सापडला नाही, तर चहाच्या बशीचं बूड. बशीच्या बुडाला जिथे चकाकी नसते, तिथे सोनं घासलं की पिवळी रेघ उठते आणि खोटं असलं तर काळपट. काकांच्या घरातल्या एकूण एक बशीच्या बुडावर रेघा होत्या. ते चहा देत, तेव्हा पाहुणा बशी उलटी करून बघे आणि चहा पायजम्यावर सांडे.

कुणी दागिना दाताने चावून बघितला की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "चावून काय कळतं? दातात कस किती ते कळतं!"

आणि सर्वांत शेवटी पाणी. दागिना कोरडा तोलायचा, मग दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून तोलायचा. पाण्यात वजन जेवढं घटलं, त्या घटीने कोरड्या वजनाला भागायचं. सतरा-साडेसतराच्या पुढे आलं की बावीस कॅरेट. आठ-साडेआठ आलं की पितळ. हा भागाकार काकांनी मला मी सातवीत असताना शिकवला. पाटीवर माझ्या हातून गणित करवून घेत आणि उत्तर बरोबर आलं की म्हणत, "बरोबर ने? पाणी खोटं बोलत नाही, शोभू. त्याला काय लागतंय कुणाचं?"

हा 'ने' आम्हा बडोदेकर मराठी माणसांच्या जिभेवर गुजरातीतून येऊन कायमचा मुक्कामाला बसलाय. पुण्याचे पाहुणे हसतात. हसोत बापडे.

काकांचा आणखी एक प्रश्न ठरलेला असे. दागिना हातात घेतला की त्या बाईकडे न बघता हळूच विचारायचे, "किती वर्षं झाली?" बाई म्हणायची सहा, नाहीतर बारा, नाहीतर सासूबाईंच्या वेळचं आहे. काका नुसते "हं" म्हणायचे. मला वाटायचं, झिजेचा हिशेब करत असतील. मी शास्त्राची विद्यार्थिनी, मला सगळ्याचं कारण समजल्यासारखं वाटायचं.

हे वेड सोन्यापुरतं राहतं तरी बरं. दूध, मध, हिंग, केशर, सगळं त्यांच्या तावडीतून जायचं. दसऱ्याला तर कहर. आपण मराठी माणसं दसऱ्याला आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतो. आमच्या शेजारच्या शारदाबेनना त्याचं भारी नवल. त्या फाफडा-जिलेबी खायच्या आणि आम्ही दिलेलं पान भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खोचून ठेवायच्या. पण लहरीपुऱ्याच्या बाजारात आपटा म्हणून जे विकतात, ते पुष्कळदा कांचनाचं पान असतं. आपट्याचं पान छोटं, रुंद, खरखरीत. कांचनाचं मोठं, लांबट, गुळगुळीत. काका बाजारात पान उन्हाला धरून ओरडायचे, "हे कांचन आहे! खोटं सोनं विकता? तेही दसऱ्याला?" विकणारी बाई म्हणायची, "काका, पान छे, खाई जाव." पानच आहे, खाऊन टाका. मग काका डभोईची छोटी गाडी पकडून जात, तिथल्या शिवारातल्या एका ओळखीच्या झाडाची पानं पिशवी भरून आणत, आणि संध्याकाळी घरोघर वाटत. कुणी त्यांना कांचनाचं पान दिलं, तर ते हात मागे घेत. प्रत्यक्ष माझ्या बाबांना त्यांनी एकदा "हे मला चालत नाही ने" म्हणून पान परत केलं होतं. बाबा दोन महिने बोलत नव्हते.

काका चुकले नाहीत असं नाही. एकदा चुकले, आणि असे चुकले की पोळ हादरली.

शारदाबेनची सून हंसा माहेराहून जाड कडी घेऊन आली होती. व्हरांड्यात दहा बायका जमलेल्या. काकांनी पाण्याला विचारलं, भागाकार केला आणि सर्वांसमोर जाहीर केलं, "अकरा! यात खोट आहे." शारदाबेननी व्याह्यांचा उद्धार सुरू केला. हंसा रडून रडून आजारी पडली. आठ दिवसांनी सराफाने कडं तापवलं, तर आतून लाख पाघळून बाहेर आली. जुन्या पद्धतीची पोकळ कडी होती ती, बाहेर चोख सोनं आणि आत भरायला लाख. लाख हलकी, म्हणून पाण्यातलं गणित कोसळलं. शारदाबेन तडक काकांच्या दारात. "जाधवकाका, तमे तो मारा घरमां होळी सळगावी!" माझ्या घरात होळी पेटवलीत तुम्ही, म्हणे.

काकांनी पेढ्यांचा डबा आणला आणि त्या वीस वर्षांच्या पोरीपुढे हात जोडून उभे राहिले. "बेटा, भूल माझी आहे. पाण्याची नाही." त्या दिवसापासून त्यांनी एक नियम केला. सोनं खरं निघालं, तर दारातून आरोळी. नाही निघालं, तर फक्त जिचं आहे तिच्या कानात. पण त्यामुळे झालं असं, की आरोळी आली नाही की पोळीला बरोबर कळायचं.

माझ्या साखरपुड्यातला प्रकार पाहून एका माणसाच्या डोक्यात किडा वळवळला. ती माझी पादरा गावची आत्या. बाबांची थोरली बहीण. मनाने वाईट नाही, पण तिच्या मनात एक गोष्ट वर्षानुवर्षं सलत होती. माझ्या आजीच्या पाटल्या. आजीने जाताना त्या लेकीला न देता सुनेला दिल्या, म्हणजे माझ्या आईला. आईच्या हातातून त्या कधी उतरल्याचं मला आठवत नाही. माझ्या लग्नात त्या मला द्यायच्या असं ठरलेलं होतं.

मार्गशीर्षातलं लग्न, आणि भाद्रपदात आत्या रुखवताची तयारी बघायला म्हणून आली. दुपारचा चहा झाला. आत्या आईच्या हाताकडे बघत म्हणाली, "कमल, पाटल्यांचा रंग बदललाय गं. माझ्या आईच्या हातात अशा पिवळ्याजर्द नव्हत्या."

"पॉलिश करून आणल्या होत्या," आई म्हणाली.

"तरी दाखवून घेऊ या की त्या सोनाकाकांना. पोरीला द्यायच्या आहेत. सासरी कुणी नाक मुरडायला नको." आणि मग बाबांकडे बघून, "काय रे?"

बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बघा की. सोनं आहे, भ्यायचं काय?"

आईचा चेहरा मी पाहिला नाही. मी तेव्हा उत्साहाने उठून काकांना हाक मारायला गेले होते. ही गोष्ट मला आजही टोचते.

काका तराजूची पेटी घेऊन आमच्याकडेच आले. शारदाबेन आणि हंसाही पाठोपाठ आल्या, कारण काकांची पेटी जाईल तिथे त्या जात. आईने साबण लावून पाटल्या उतरवल्या. हातावर गोरे पट्टे उमटले होते. काकांनी एक पाटली हातात घेतली, अंगठ्याने तिच्यावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "वहिनी, किती वर्षं झाली?"

आई म्हणाली, "चार."

"चार काय गं?" आत्या म्हणाली. "साठ म्हण! माझ्या आईच्या लग्नातल्या."

काकांनी नेहमीसारखं "हं" केलं आणि पाटली दोऱ्याला टांगली. मी पाटी घेऊन शेजारी बसले, सातवीत बसायचे तशी. कोरडं वजन सतरा ग्रॅम आणि वर थोडं. पाण्यातली घट बरोबर दोन. मी भागाकार केला. आठ पूर्णांक सहा.

एम.एस्सी. झालेल्या मुलीला आठ पूर्णांक सहाचा अर्थ सांगावा लागत नाही. पण मी वेड्यासारखा तो भागाकार पुन्हा केला. आणि दुसऱ्यांदा करताना ते 'चार' डोक्यात शिरलं. चार वर्षांपूर्वी मी सुरतेला शिकायला गेले होते. दोन वर्षं हॉस्टेल, मेस, फी. बडोद्याबाहेर मुलीला ठेवणं बाबांच्या पगारात बसणारं नव्हतं, पण आईने सांगितलं होतं की एका मंडळाची शिष्यवृत्ती मिळाली आहे, ते लोक नाव गुप्त ठेवतात. मी ती शिष्यवृत्ती अख्ख्या हॉस्टेलात मिरवली होती. सासरी माझी माहिती कळवताना बाबांनी 'शिष्यवृत्तीधारक' असं लिहिलं होतं, आणि मी त्या शब्दाखाली रेघ मारायला लावली होती. ते गुप्त मंडळ माझ्यासमोर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलं होतं.

मी वर पाहिलं. काका माझ्याकडेच बघत होते. त्यांनी पाटी माझ्या हातातून काढून घेतली आणि ओल्या फडक्याने पुसून टाकली.

"काय निघालं?" आत्याने विचारलं. शारदाबेन पुढे सरकल्या. सगळे आरोळीची वाट बघत होते, आणि आरोळी आली नाही तर काय समजायचं, हे त्या खोलीत सर्वांना माहीत होतं. आईच्या कपाळावर घाम आला होता. तिला आत्याची भीती नव्हती एवढी. पण बाबांनी पेपर खाली ठेवला होता.

सोनाकाका उभे राहिले, टोपी नीट केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "लाख आहे!"

"काय?"

"आत लाख भरलीय. बाहेर सोनं, आत लाख. जुनी घडण ने."

आत्या हसायलाच लागली. "अहो, काहीतरीच काय? पाटली भरीव असते! कड्यात असते लाख, पाटलीत कुठली?"

"असते. यात आहे."

"मी चाळीस वर्षं बघतेय या पाटल्या!"

"आतून बघितल्यात?"

"मग घासा की त्या दगडावर!"

"लाखेचा जिन्नस घासायचा नाही. पत्रा पातळ असतो, फाटेल." काकांनी दगड खिशात टाकला. "आणि या पोरीला लग्नात घालू नका हां. होमाजवळ बसली तर लाख पाघळेल."

आता आत्याचं हसू गेलं आणि पारा चढला. "म्हणजे माझ्या वडिलांनी माझ्या आईला लाखेच्या पाटल्या केल्या? अहो, चोख सोनं आहे ते! मी सांगते ना! मला पाण्याला विचारायची गरज नाही!" तिने स्वतः पाटल्या उचलल्या आणि आईच्या हातात घातल्या. "घाल गं कमल. भल्या माणसाचं डोकं फिरलंय."

शारदाबेन हंसाच्या कानात, पण सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काकाने हवे बधे लाख ज देखाय छे." काकांना आता सगळीकडे लाखच दिसते. हंसा पदरात तोंड घालून हसली. बाबाही हसले. काका मान खाली घालून तराजू पुसत राहिले. ते काचेची पेटी बंद करत होते, तेव्हा मला दिसलं की त्यांचे कान लाल झाले आहेत. तीस वर्षं ज्याने दशांश चिन्हानंतरचे आकडे जपले, त्याला भरल्या घरात मूर्ख ठरताना मी पाहिलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि तोंड उघडण्याची सोय नव्हती.

आई तेवढ्यात सावरली. "राहू दे, ताई. भर तयारीत नाट लागली. या पाटल्या नकोत आता शोभाला." त्या भरात आत्याने आपल्या हातातल्या दोन बांगड्या मला कबूल केल्या, आणि पुढे खरोखरच दिल्या.

दोन दिवसांनी दुपारी मी समोर गेले. काका शेंगा सोलत बसले होते. मी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "काका, पाटलीत लाख नसते."

"नसते," ते म्हणाले.

"मग?"

ते उठले आणि फडताळातून एक बिस्किटांचा डबा काढून आणला. आत चार बांगड्या होत्या. कडेला हिरवट पडलेल्या. "तुझ्या काकूच्या," ते म्हणाले. "माझं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा तिने खऱ्या विकल्या आणि या घातल्या. मला म्हणाली, कॉलेजातून मदत मिळाली. अकरा वर्षं घातल्या हां तिने. ती गेली, मग मी भाचीच्या लग्नात द्यायला म्हणून सराफाकडे नेल्या. त्याने हातात घेताच परत दिल्या."

शेंगांची टरफलं त्यांनी मुठीत गोळा केली. "मी पोरांना घनता शिकवत होतो, शोभू. आणि घरात ती रोज माझ्यासमोर भाकरी थापायची. थापताना बांगड्या वाजतात ने? सोन्याचा आवाज वेगळा, पितळाचा वेगळा. अकरा वर्षं वाजल्या. मला ऐकूच आलं नाही. एकदा तरी कळलं असतं, तर... काही नाही, म्हटलं असतं की मला माहीत आहे. एवढंच ने."

मग मला तो प्रश्न कळला. किती वर्षं झाली? काका खोटं सोनं पकडायला बसले नव्हते. एकटीनेच ओझं वाहणारी बाई सापडली, तर तिला निदान एका माणसाने विचारावं, म्हणून बसले होते. पोळीतल्या किती बायकांनी त्यांना खरा आकडा सांगितला असेल, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

मी त्यांच्यासमोर बसून रडले. काकांना रडणारी माणसं तपासता येत नसत. त्यांनी घाईघाईने चहा केला आणि बशी उलटी करून दिली.

लाखेची गोष्ट पोळीभर झाली. पुष्य नक्षत्र आलं आणि गेलं, काकांच्या दारात कुणी आलं नाही. बायका थेट सराफावर विश्वास ठेवायला लागल्या. माझ्या लग्नात काका शेवटच्या रांगेत बसले, आणि कुणाच्या दागिन्याकडे त्यांनी मान वर करून बघितलं नाही. तराजूच्या काचेवर धूळ बसली. आई मात्र रोज संध्याकाळी त्यांना ताट पाठवू लागली. का, ते बाबांनी विचारलं नाही. आईने सांगितलं नाही. मीही तिच्याशी त्या पाटल्यांबद्दल कधी बोलले नाही, एवढंच की सासरी गेल्यावर 'शिष्यवृत्ती' हा शब्द मी तोंडातून काढून टाकला. आणि एक फरक मी पाहिला. जो माणूस जगाचे आधी हात बघायचा, तो आई समोर आली की सरळ तिच्या चेहऱ्याकडे बघायचा.

पुढच्या वर्षी दसऱ्याला मी भरूचहून माहेरी आले. काकांचा गुडघा धरला होता, त्यामुळे त्या वर्षी डभोई झालं नाही. संध्याकाळी आई म्हणाली, "चल, भाऊजींना सोनं देऊन येऊ." तिच्या हातात लहरीपुऱ्याच्या बाजारातलं पान होतं. मोठं, लांबट, गुळगुळीत. मी म्हणाले, "आई, हे कांचन आहे. ते घेणार नाहीत."

"असू दे," आई म्हणाली.

काका खुर्चीत पाय लांब करून बसले होते. आईने पान पुढे केलं. "सोनं घ्या, भाऊजी. सोन्यासारखे राहा."

काकांनी पान घेतलं आणि सवयीने दिव्याला धरलं. उलटं केलं. देठाशी अंगठा फिरवला. बाबांचं परत आलेलं पान मला आठवत होतं. काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं, शेजारची पाण्याची वाटी ओढली आणि म्हणाले, "पाण्याला विचारू ने."

पान पाण्यावर ठेवलं. ते अर्थातच तरंगलं. आम्ही तिघंही त्या तरंगणाऱ्या पानाकडे बघत राहिलो.

"बावीस," काका म्हणाले. दारातून नव्हे, अगदी हळू.

त्यांनी पान धोतराच्या सोग्याने पुसलं आणि बिस्किटांच्या डब्यात काकूच्या बांगड्यांशेजारी ठेवलं. मग पाया पडायला आई वाकली, आणि वाकताना तिच्या हातातल्या पाटल्या एकमेकींवर वाजल्या. काकांनी डोळे मिटले आणि तो आवाज पुरता थांबेपर्यंत ऐकला.

"ऐकलं हां, वहिनी," ते म्हणाले.